आजारी लेकराला उपाशी ठेवू नका



लेकराला ताप आला, जुलाब लागले, की घरातली वडीलधारी म्हणतात, "लंघन करू द्या, पोटाला आराम पडेल." पण काही लेकरांच्या हे लंघन जिवावर बेततं. कसं, ते ऐका.

पोटात अन्न नसलं की शरीर आधी साठवलेली साखर वापरतं. ती संपली की अंगातली चरबी जाळतं. मोठं लाकूड चुलीत घालण्याआधी फोडावं लागतं ना? तशी चरबी फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, आपल्या शरीरात असतात. त्यांतलं एक विकर काही मुलांत जन्मापासूनच निकामी असतं. डॉक्टर याला 'एमकॅड'ची कमतरता म्हणतात. उत्तर युरोपातून आलेल्या लोकांत हा आजार जास्त. आपल्याकडे क्वचित, पण आढळतो.

असं मूल एरवी धडधाकट दिसतं. आजारपणात उपाशी राहिलं की त्याच्या रक्तातली साखर उतरते. ते मलूल होतं, ओकतं, गुंगीत जातं, झटके येतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर दगावतं. मग नजर लागली, सुनेचा पायगुण वाईट, अशी बोलणी सुरू होतात.

मंडळी, यात सुनेचा काही दोष नाही. हा आजार होतो तो आई आणि बाप, दोघांकडूनही दोष आला तरच. ती दोघं स्वतः निरोगी असतात. अशा जोडप्याच्या दर गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता ४ त १ असते. एक मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नव्हे. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल, तर एकाच आजा-आजीकडून तोच दोष दोघांत येण्याचा संभव वाढतो.

तेव्हा एवढं करा :

१) आजारी बाळाला अंगावर पाजणं थांबवू नका. मोठ्या मुलाला थोडं थोडं खायला द्या.

२) मूल जागं होईना, तर तोंडात काही घालू नका. तडक दवाखान्यात न्या.

३) पूर्वी एखादं मूल असं अचानक गेलं असेल, तर पुढचा पाळणा हलण्याआधीच डॉक्टरांना सांगा. जन्मानंतर बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन हा आजार ओळखता येतो.

आजार वेळेत कळला, तर मुलाला उपाशी राहू न देणं हाच मुख्य उपचार. एवढं सांभाळलं की असं मूल इतरांसारखंच वाढतं, शाळेत जातं.