तुम्ही जेवता कधी?



या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही, जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतल्या आशाताई, परिचारिका, डॉक्टर आणि आरोग्यावर लिहिणाऱ्या लेखक-लेखिकांनी, मला दिलंत. तीस वर्षांहून अधिक काळ मी यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या भागात रुग्ण तपासले आणि त्यातली बरीच वर्षं आरोग्यावर लिहिलंही. आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ज्या जाणकारावर आपला भरवसा आहे, त्याचा सल्ला पाळताना स्वतःचं डोकं चालू कसं ठेवायचं?

एका बाईची हकीकत आधी सांगतो. पंचेचाळिशीची असेल. शेतमजुरी करणारी. तिला मधुमेह निघाला. मी गोळी लिहून दिली आणि समजावून सांगितलं, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी एक. दिवस कापूस वेचणीचे होते. ती पहाटे पाचला उठायची, कोऱ्या चहाबरोबर गोळी घ्यायची आणि उजाडता उजाडता ओटी बांधून वावरात हजर व्हायची. भाकर धुऱ्यावर, दहा-साडेदहाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेचता वेचता ती ओळीतच बसली. अंग घामानं चिंब, हात थरथरतायत, जीभ जड झालेली. बायांना वाटलं, बाहेरचं काही झालं. त्यांच्यातल्या एकीच्या सासऱ्याला साखरेचा आजार होता. तिनं ओळखलं आणि चहासाठी आणलेली साखर पाण्यात कालवून पाजली. पंधरा-वीस मिनिटांत बाई सावध झाली.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली. मी म्हटलं, "नाश्ता करत नव्हतीस का?"

"वावरात जाच्या आंधी कोन नाश्ता करते जी?"

"मग तेव्हाच का नाही विचारलंस?"

"तुमाले कसं इचाराव? तुमी सांगतलं म्हणजे बराबरच असन."

हे वाक्य मला आजही तसंच्या तसं आठवतं. निदान बरोबर होतं, गोळीही बरोबर होती, तिचा विश्वास तर शंभर टक्के होता. तरीही ती वावरात पडली, कारण या उपचारातली एक माहिती फक्त तिच्याजवळ होती: ती जेवते कधी. मी ती मागितली नाही आणि तिनं ती दिली नाही. तिनं विचारलं नाही, याचा दोष मी तिच्यावर टाकत नाही. प्रश्न विचारायला जागाच ठेवली नाही तर माणूस विचारणार कसा? दहा मिनिटांत आठ रुग्ण उरकणाऱ्या ओपीडीत ती जागा नसते, हे आपण सगळे जाणतो.

३१ जानेवारी २०२१ हा दिवस या सभागृहात कुणी विसरलं नसेल. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी इथं पल्स पोलिओच्या लसीकरणात पाच वर्षांखालच्या बारा मुलांच्या तोंडात लसीऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलांना उलट्या झाल्या, त्यांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणलं आणि सगळी मुलं बरी होऊन घरी गेली. कारवाई झाली, बातम्या झाल्या. मला त्या आयांबद्दल बोलायचं आहे. त्यांनी काय चुकीचं केलं? काहीच नाही. सरकारनं बोलावलं, ओळखीच्या ताईंनी बोलावलं, म्हणून त्या लेकरं कडेवर घेऊन गेल्या. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तो अशा लाखो आयांच्या विश्वासावरच. तो विश्वास मोडू द्यायचा नाही. त्या दिवसापासून धडा घ्यायचा तो लस नाकारण्याचा नाहीच. धडा बाटलीकडे बघण्याचा आहे.

बाटलीकडे बघणं म्हणजे काय, तेही सांगतो. पोलिओच्या लसीच्या कुपीवर एक जांभळट वर्तुळ असतं आणि त्याच्या आत एक चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. चौकोन वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला, तर लसीला उष्णता लागली, ती टाकून द्यायची. हे समजायला अक्षरओळख लागत नाही. "ताई, कुपी दाखव ना जरा," एवढं म्हणायला आईला दोन सेकंद लागतात. आशाताईंनो, आई असं म्हणाली तर तो तुमचा अपमान समजू नका. ती तुमचंच काम दुसऱ्यांदा तपासून देते आहे.

आता २०१७ चा पावसाळा. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. कीटकनाशकाचा फवारा खाली मारायचा तर तो तोंडाच्या उंचीवर उडू लागला. त्यात जोरानं फवारणारे बॅटरीचे पंप आले, दोन-तीन विषं एकाच ड्रममध्ये मिसळली गेली. या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात आले. रुग्णाला आणणाऱ्या नातेवाइकाला आम्ही विचारायचो, काय फवारलं? उत्तर एकच यायचं, "औषध मारलं."

आपल्या बोलीत विषालाही औषधच म्हणतात. डॉक्टर देतो तेही औषध आणि कृषी केंद्रातून येतं तेही औषध. एका शब्दाच्या आधारानं तो डबा घरात येतो, माळ्यावर राहतो, त्यात बोट बुडवून ढवळलंही जातं. भाषेवर काम करणारी माणसं इथं बसली आहेत, म्हणून मुद्दाम हे मांडतो आहे. त्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण सल्ला डब्यावरून घेतला जात नव्हता, काउंटरवरून घेतला जात होता. शेतकऱ्याच्या लेखी दुकानदार हाच तज्ज्ञ. उधारीवर माल देतो, नावानं हाक मारतो, मागच्या वर्षी त्याचं ऐकलं तर बोंडअळी आटोक्यात आली होती. असा माणूस म्हणाला, "हे त्याच्यात मिसळ, जोर येईल," तर का नाही ऐकायचं?

विचारायला हवं होतं ते हे: विकणारा आणि सल्ला देणारा एकच आहे का? हा प्रश्न मी फक्त कृषी केंद्राबद्दल विचारत नाही. स्वतःच्या दवाखान्यातून बिनलेबलची गुडघेदुखीची पुडी देणाऱ्याबद्दल विचारतो, मोबाइलवर आरोग्याचं प्रवचन देऊन शेवटी स्वतःच्याच चूर्णाचा नंबर देणाऱ्याबद्दलही विचारतो. सल्ल्यातून सल्लागाराची कमाई होत असेल, तर तो खोटाच असेल असं नाही. पण तिथं दुसऱ्या कुणाचं मत घ्यायलाच हवं.

आणि रुग्णाला आणताना डबा सोबत आणा, ही विनंती मी मरेपर्यंत करत राहीन. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषावर ॲट्रोपिन हा उतारा आहे, पण प्रत्येक कीटकनाशकावर असा उतारा नाही. उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टरला त्या रात्री डब्यावरच्या नावाइतकी दुसरी कशाचीच मदत होत नाही.

कधी कधी सल्ला खरा असतो, देणारा प्रामाणिक असतो, आणि तरीही तो एका जागी अपुरा पडतो. विहिरीचं, पायविहिरीचं पाणी सोडा, हातपंपाचं प्या, असं आपणच गावोगाव सांगितलं. त्यामुळे हगवण कमी झाली, नारू देशातून गेला, हे मोठं काम झालं. पण आपल्या केळापूर, झरी भागात जमिनीच्या पोटातल्या पाण्यात फ्लोराईड आहे. मुलांच्या दातांवर तपकिरी रेघा, म्हाताऱ्यांच्या ताठ झालेल्या पाठी, हे मी माझ्या ओपीडीत बघितलं. मग आपण सांगितलं, पाणी उकळून प्या. उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, आमच्या बापाचे दात असे नव्हते, मग आमच्या नातवांचे काहून? माझ्या माहितीतला तो त्या पोडावरचा पहिला शास्त्रीय प्रश्न होता, आणि तो पुस्तकातून आला नव्हता.

२०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी आहाराची चर्चा पेटली होती. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातली कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेली: कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा, जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, रोज पंचेचाळीस मिनिटं चाला. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं, ठरावीक अंतरानं, आपल्या मातीतलं खा. एकाच घरात सासरे दीक्षितांचे आणि सून दिवेकरांची, अशी विभागणी झाली. लोक मला विचारायचे, खरं कोण? मी म्हणायचो, आधी तुम्ही कोण ते सांगा.

दीक्षितांनी आपल्या व्याख्यानांत स्पष्ट सांगितलं होतं की अठराखालच्या मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णांनी हे करू नये. हे वाक्य व्याख्यानात होतं. फोनवर फिरत फिरत आलेल्या चार ओळींत ते गळलं होतं. माझ्याकडे एक शिक्षक आले. साखर कमी करणारी गोळी पूर्वीइतकीच चालू, आणि आठवड्यापासून जेवण दोनदा. दुपारी वर्गात डोळ्यांपुढे अंधारी येत होती. जेवण बदललं की गोळीचा डोस डॉक्टरांनी पुन्हा ठरवायचा असतो, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. म्हणून मला वाटतं, सल्ल्यातला सगळ्यात मोलाचा भाग असतो तो 'कुणी करू नये' हा, आणि प्रवासात नेमका तोच आधी गळतो.

इथं एक गैरसमज दूर करतो. डोकं चालवणं म्हणजे मनात आलं म्हणून बीपीची गोळी बंद करणं नव्हे. शेजारच्याचं ऐकून इन्सुलिन सोडणं नव्हे. साप चावल्यावर दवाखाना आधी की मांत्रिक, यावर विचार करत बसणं तर मुळीच नव्हे. तिथं एकच उत्तर आहे, ते म्हणजे प्रतिसर्प लस असलेला जवळचा दवाखाना. खरी चिकित्सक बुद्धी कशी असते ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडे बघून कळतं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाची माणसं पुस्तकाप्रमाणे उपचार करूनही डोळ्यांदेखत जात होती. बावस्कर खाटेशेजारी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, गार पडलेले हातपाय, सगळं लिहून ठेवत गेले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात त्यांनी आपली निरीक्षणं मांडली, पुढं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरलं, आणि मृत्यू कमालीचे घटले. पुस्तकावर शंका त्यांनी घेतली, पण बघून, मोजून आणि लिहून घेतली.

करोनात आपण प्लाझ्मासाठी किती फोन फिरवले, आठवतंय? तेव्हा जाणकार तोच सल्ला देत होते. मग आयसीएमआरनं देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. त्यात प्लाझ्मानं मृत्यू कमी होत नाहीत असं दिसलं आणि मे २०२१ मध्ये तो उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढला गेला. पुष्कळ लोक चिडून म्हणाले, हे रोज बदलतात. मला उलट वाटतं. पुरावा आल्यावर जो बदलतो, आणि "मला माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणतो, तोच विश्वास ठेवण्याजोगा जाणकार.

जानेवारी २०१९ मध्ये याच यवतमाळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. राजूरची एक शेतकरी महिला, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर सावरणारी. स्वतःच्या जगण्याबद्दल ती बोलली आणि मोठमोठे लेखक गप्प बसून ऐकत होते. दवाखान्यातही स्वतःच्या शरीराबद्दल, स्वतःच्या दिवसाबद्दल सगळ्यात जास्त माहिती रुग्णाजवळच असते. तिथं ऐकायची पाळी आपली.

लेखकांना माझं मागणं आहे की आरोग्यावरचा प्रत्येक लेख 'हे कुणी करू नये' या ओळीशिवाय छापायला देऊ नका. संपादकानं जागेअभावी ती कापली, तर लेख परत मागा. रुग्णांना सांगणं आहे की चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरला ती आपल्या शब्दांत परत सांगा, गोळी कधी, कशासाठी, किती दिवस, आणि आपला दिवस कसा जातो तेही सांगा. आणि डॉक्टर मित्रांनो, सोमवारी ओपीडीत पहिल्या मधुमेही रुग्णाला गोळी लिहिण्याआधी पेन खाली ठेवा आणि विचारा, "तुम्ही जेवता कधी?"