फौजी आणि कामगार: पेन्शनची लढाई एकच
(शाखेच्या सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



फौजेत पंधरा-सतरा वर्षे काढून आलेले बांधव आज आपल्यात गेटमन आहेत, पॉइंट्समन आहेत, पोस्टमन आहेत. त्यांच्या पेन्शनचा प्रश्न वेगळा आणि आपला वेगळा, असे काही जण म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही.

१९७९ साली सरकारने पेन्शनचे सुधारित सूत्र आणले. पण ठरावीक तारखेआधी निवृत्त झालेल्यांना, मुलकी असोत वा लष्करी, त्यातून वगळले. १७ डिसेंबर १९८२ रोजी सुप्रीम कोर्टाने नकारा खटल्यात हा भेद रद्द केला. पेन्शन ही खैरात नाही, केलेल्या सेवेचा हक्क आहे, हे त्या दिवशी ठरले. त्या एकाच निकालाचा लाभ फौजींना आणि मुलकी नोकरांना मिळाला.

पुढे समान हुद्दा, समान पेन्शन यासाठी माजी सैनिक २०१५ साली जंतरमंतरवर बसले. ७ नोव्हेंबर २०१५ ला आदेश निघाला. तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला. फेरआकारणी मात्र दर पाच वर्षांनी. आणि हा शासकीय आदेश आहे, संसदेचा कायदा नव्हे. जे आदेशाने मिळते ते आदेशाने जाऊही शकते.

आता आपली बाजू पाहा. मार्च २०२५ मध्ये वित्त विधेयकातून पेन्शनचा एक भाग मंजूर करून घेतला गेला. निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनधारकांत भेद करण्याचा अधिकार सरकारने त्यात घेतला, तोही १ जून १९७२ पासून! कोणाचीही चालू पेन्शन बदलत नाही, असे सरकार सांगते. मग हा अधिकार हवा कशाला? जानेवारी २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाला मंजुरी मिळाली. त्याचा लाभ द्यायच्या वेळी जुने निवृत्त कामगार दाराबाहेर राहिले, तर कोर्टात कोणत्या आधारावर उभे राहणार? आणि आज मुलकी पेन्शनला लावलेली फूटपट्टी उद्या फौजींना लागणार नाही, याची हमी कोण देणार?

म्हणून आम्ही दोन मागण्या सभेपुढे ठेवतो. वित्त कायद्यातील तो भाग रद्द करा. फौजींच्या समान पेन्शनला कायद्याचे कवच द्या.

येत्या १७ डिसेंबरला, पेन्शनर दिनी, प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या माजी सैनिकांना सन्मानाने बोलवावे, संयुक्त सभा घ्यावी आणि खासदाराला निवेदन द्यावे. आज जे ड्यूटीवर आहेत, तेच उद्याचे पेन्शनर आहेत.

कामगार एकजुटीचा विजय असो!