फुटबॉलचा नाद आणि रुळाखालची खडी

(गतवर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘खेळ आणि खिलाडूवृत्ती’ या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हणालो, साहेब, माणूस चुकला. मी पी-वेचा माणूस. रूळ, स्लीपर, खडी यांवर सांगाल तेवढा वेळ बोलेन. खेळाडू म्हणून माझी कारकीर्द सातवीतच संपली. पण नंतर विचार केला, की खेळाडू नसलो तरी प्रेक्षक म्हणून माझी सुमारे चाळीस वर्षांची सर्व्हिस झाली आहे, आणि तिला रिटायरमेंट नाही. तेव्हा आज मी प्रेक्षकाच्या वतीने बोलतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी क्रिकेट. आमच्याकडे क्रिकेट आहे, कुस्ती तर आहेच, पण पेठेचा जीव फुटबॉलमध्ये. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, जुना बुधवार, संध्यामठ, फुलेवाडी ही नावे कोल्हापूरच्या माणसापुढे घ्या, त्याचा चेहरा बदलतो की नाही पाहा. यातील कितीतरी नावांपुढे ‘तालीम मंडळ’ असते. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पण आमच्याकडे तीच तालीम गणपती बसवते आणि तीच फुटबॉलचा संघ उतरवते. गणपतीत जो पोरगा ढोल बडवतो, तोच सीझनला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर घसा फोडतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे. तिची लीग आणि पाठोपाठ वेगवेगळे चषक, असे पावसाळा संपल्यानंतर सुरू झालेले हे प्रकरण उन्हाळ्यापर्यंत चालते.

आता माझा संघ कोणता? ते मी सांगणार नाही. सभागृहात त्या बाजूचे निदान दोन जण बसले आहेत, आणि आरती अजून व्हायची आहे! (हशा)

माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा शिकायला अमेरिकेत आहे. तो सांगत होता की तिकडे कॉलेजच्या संघासाठी लोक वेडे असतात. त्यांचा फुटबॉल निराळा, चेंडू हातात धरून पळायचा. मिशिगन विद्यापीठाचे मैदान एक लाखाहून जास्त माणसे बसतील एवढे मोठे आहे. शिकून बाहेर पडलेली माणसे म्हातारी झाली तरी त्याच रंगाचा शर्ट घालून येतात. मी त्याला म्हणालो, बाळा, मला यात नवल वाटत नाही. तुमचे कॉलेज, तशी आमची पेठ. कॉलेजात निदान ॲडमिशन घ्यावी लागते. पेठेत माणूस जन्मतःच भरती होतो.

वडिलांनी मला सहाव्या वर्षी खांद्यावर बसवून पहिली मॅच दाखवली. खेळ काही कळला नाही. गोल झाला तेव्हा वडिलांनी मला हवेत उडवले एवढे आठवते. घरात मोजून चार शब्द बोलणारा माणूस तिथे अनोळखी माणसांना मिठ्या मारत होता. मला वाटते, त्या दिवशी मी संघाचा झालो तो वडिलांच्या त्या चेहऱ्यामुळे.

२००१ मध्ये रेल्वेत लागलो आणि २००४ पासून इथे गुम्मिडिपूंडीत आहे. तेव्हा मॅच बघायला कुठे मिळणार? धाकटा भाऊ वर्तमानपत्रांची कात्रणे पोस्टाने पाठवायचा. पाच दिवसांनी पाकीट यायचे. निकाल एसटीडीवर आधीच कळलेला असायचा, तरी कात्रण वाचताना छाती धडधडायची. आमच्या एका जुन्या मुकादमाने विचारले होते, ‘सार, जिंकले की हरले हे माहीत आहे, मग घाम कशाला?’ त्याला काय सांगणार! आता मोबाइलवर मॅच थेट दिसते. रात्रीच्या ब्लॉकला जायच्या आधी मी चार्जिंगला लावलेल्या फोनसमोर उभा राहून बघतो. घरातील मंडळी म्हणतात, देवासमोरसुद्धा एवढा वेळ उभे राहत नाही.

या काळात संघही बदलला. पूर्वी अकराच्या अकरा पोरे पेठेतील असायची. नंतर बाहेरगावचे खेळाडू आले, आफ्रिकेतील खेळाडूही येऊन खेळून गेले. आपला गाजलेला फॉरवर्ड पुढच्या सीझनला समोरच्या संघातून आपल्यावरच गोल करतो. वाईट वाटते. पण त्यालाही पोट आहे. गंमत एवढीच, की खेळाडू पेठ बदलतो, प्रेक्षक बदलत नाही. इतक्या वर्षांत मी नोकरी, भाषा, जेवण सगळे बदलले. सकाळी इडली आणि दुपारी रसमभात झाला. संघ तेवढा तोच राहिला. गाव सोडलेल्या माणसाला असे एक काहीतरी न बदलणारे लागते. तुमच्यापैकी कुणाला ते वारीत सापडत असेल, कुणाला नाटकात. मला फुटबॉलमध्ये सापडले.

इथवर सगळे गोड झाले. आता जे सांगायचे आहे ते सांगतो.

१९९७ ची गोष्ट. मी पॉलिटेक्निकला होतो. ड्रॉइंग हॉलमध्ये माझ्या शेजारच्या बोर्डवर एक मित्र बसायचा. तो समोरच्या पेठेचा. वर्षभर एका टी-स्क्वेअरवर दोघांनी काम केले. त्या वर्षी आमच्या दोन पेठांची मॅच लागली. एक-एक बरोबरी, मग टायब्रेकर, आणि आम्ही हरलो. शेवटच्या किकच्या वेळी गोलरक्षक आधी हलला, असे आमच्या बाजूचे म्हणणे. पंचांनी ऐकले नाही. मग जे व्हायचे तेच झाले. दगड उडाले. मीही उचलला आणि भिरकावला. कुणाला मारायचे असे मनात नव्हते. पण दगडाला मन नसते. दुसऱ्या दिवशी कळले की माझ्या त्या मित्राला कपाळावर चार टाके पडले.

तो दगड माझाच होता का? माहीत नाही. शंभर हात वर होते. पण मी त्याला बघायला गेलो नाही. पेठेतील पोरे काय म्हणतील, ही भीती. आठवड्याने तो हॉलमध्ये आला आणि काही न बोलता दुसऱ्या बोर्डवर जाऊन बसला. त्यानंतर तो कधी स्टेडियमवर गेला नाही, हे मला इतरांकडून कळत राहिले.

हे आमच्याच गावात होते असे नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी होऊन चेंगराचेंगरी झाली. १६ जण गेले. फुटबॉल बघायला घरून निघालेली माणसे परत आली नाहीत. आजही त्या तारखेला तिकडे त्यांच्या आठवणीत रक्तदान होते.

आमच्या खात्यातील एक गोष्ट सांगतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी रूळ किती तापतो हे इथल्या गँगला विचारा. साठ अंशांच्या आसपास जातो. तापला की तो लांब व्हायला बघतो. पण लांब वेल्ड केलेल्या रुळाला मध्ये फट नसते, त्यामुळे सगळा ताण आत साठतो. त्याला जागेवर धरून ठेवते ती खडी. खांद्याची खडी कमी पडली, की रूळ एकदम बाजूला सरकून सापासारखा वाकतो आणि गाडी घसरते. म्हणून त्या दिवसांत आमचा कीमन भर दुपारी लाइनवर फिरत असतो. प्रवासी इंजिन बघतात, डबे बघतात. खडीकडे कुणी बघत नाही.

मैदानावरचा खेळाडू म्हणजे रूळ. तापायचे काम त्याचे. प्रेक्षक ही खडी आहे. आम्हीच खेळाडूच्या वर तापलो, तर त्याला धरायचे कुणी?

मला वाटत होते, हे शहाणपण मला वयाने आले आहे. पण मागच्या वर्षी काय झाले ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. आपल्या उत्सवात मुलांची मॅच होती, कॉलनी विरुद्ध सिपकॉट. माझी मुलगी कॉलनीच्या गोलमध्ये. पंच म्हणून आमच्याच ऑफिसातील एक तमिळ तरुण, व्यासरपाडीचा. बेसिन ब्रिजवरून आपली लाइन कोरुक्कुपेट्टैकडे वळते आणि दुसरी जाते तिकडची ही वस्ती. गल्लीगल्लीत कालपंदु, म्हणजे फुटबॉल. शिकवणीबरोबर पोरांना फुटबॉल शिकवणारी संस्था तिथे आहे. चेन्नईयिन संघातून खेळलेला धनपाल गणेश तिथलाच. २०१८ च्या आयएसएलमध्ये गोव्याला ३-० हरवून चेन्नईयिन अंतिम फेरीत गेला, त्यातील एक गोल त्याचा. अशा वस्तीत वाढलेल्या पोराने त्या दिवशी आपल्या मुलांच्या मॅचमध्ये एक पेनल्टी दिली, आणि मी लाइनवरून त्याला नाही नाही ते बोललो. मराठीत बोललो, त्याला कळले नसेल असे वाटले. पण रागाला भाषा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला. मी मान वर केली नाही. तो म्हणाला, ‘उंग पोण्णु नल्ला आडरा, सार.’ तुमची मुलगी छान खेळते. बस्, एवढेच. मी माफी मागितली तर तो हसून गेला.

मुलगी मात्र हसली नाही. रात्री जेवताना म्हणाली, ‘बाबा, पुढच्या वर्षी मॅचला तुम्ही येऊ नका.’

वडिलांनी मला खांद्यावर बसवून मैदानावर नेले होते, आणि माझी मुलगी मला मैदानावर येऊ नका म्हणत होती. त्या रात्री झोप लागली नाही. शेवटी भावाकडून नंबर घेऊन मी त्या मित्राला फोन केला, सत्तावीस वर्षांनी. तो आता गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहे. मी सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘दगड कुणाचा हुता ते मला कधी कळलंच न्हाई. पण तू बघायला आला न्हाईस, ते ध्यानात ऱ्हायलं बघ.’

बंधूंनो, तो टाका मला पडला. तो अजून आहे.

मग तोच म्हणाला, ‘माझा पोरगा आता पेठेकडनं खेळतोय. मॅच असली की लिंक पाठवतो. गप बघायची.’ तेव्हापासून मी दोन पेठांच्या मॅच बघतो. आमची हरली तर अजूनही जेवण जात नाही, खोटे कशाला बोलू? पण पलीकडचा पोरगा चांगला खेळला की हात आपोआप टाळीला उठतो. त्याला मी ओळखतो ना!

कलकत्त्याचेच पुढचे सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे एका तरुण डॉक्टर मुलीवर रुग्णालयात अत्याचार करून तिचा खून झाला. शहर पेटले, आणि सुरक्षेच्या कारणाने या दोन संघांचा ड्युरँड कपचा सामना रद्द झाला. त्या दिवशी, १८ ऑगस्टला, दोन्ही संघांचे समर्थक आपापले झेंडे घेऊन स्टेडियमबाहेर एकत्र आले आणि त्या मुलीसाठी न्याय मागत उभे राहिले. १९८० साली ज्यांच्या मागच्या पिढीने एकमेकांची डोकी फोडली, तीच ही दोन नावे. झेंडा कुणी खाली ठेवला नव्हता. मला हे फार महत्त्वाचे वाटते. आपला संघ सोडायला कुणी सांगत नाही. ईर्षा हवीच, ती नसेल तर मॅच कशाला बघायची? पण समोरची पेठ नसेल तर आपली पेठ खेळणार कुणाशी?

तेव्हा मुलांनो, खिलाडूवृत्ती तुम्हाला शिकवायची गरज नाही. तुम्ही मॅच संपली की एका बाटलीतून पाणी पिता. ती शिकायची आहे लाइनबाहेर उभ्या असलेल्या आम्हा आईबापांना.

परवा पुन्हा कॉलनी विरुद्ध सिपकॉट आहे. पंच तोच आहे, मी स्वतः जाऊन त्याला बोलावले आहे. काल मी मुलीला विचारले, येऊ का? तिने बराच विचार केला आणि अट घातली: ‘या, पण सिपकॉटच्या गोललासुद्धा टाळी वाजवायची.’

गोल तिच्यावर होणार आणि टाळी मी वाजवायची! अट अवघड आहे. प्रयत्न करतो. तुम्ही सर्वांनी यावे आणि माझ्यावर लक्ष ठेवावे, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!