कटाडिनची एक दिवसाची चढण

डोंगर चढावयाचा म्हणजे शिखर गांठलेंच पाहिजे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आज मी आपणांस अशा एका पर्वताची ओळख करून देणार आहें, कीं ज्याच्या पायथ्याशींच ही समजूत बाजूला ठेवावी लागते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मेन हें अगदीं ईशान्येकडील संस्थान. तेथील सर्वांत उंच पर्वत कटाडिन. उंची सुमारें ५,२६७ फूट. मूळच्या पेनॉबस्कॉट लोकांच्या भाषेंत या नांवाचा अर्थच 'सर्वांत मोठा पर्वत' असा होतो. पामोला नांवाची वादळाची देवता त्यावर राहते व माणसाची आगळीक तिला खपत नाहीं, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे.

उंचीचा आकडा ऐकून कोणी म्हणेल, यांत काय मोठेंसें! परंतु हा पर्वत ४६ उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. इतक्या उत्तरेस झाडांची सीमा लवकर संपते, आणि पुढचा सारा मार्ग उघड्या खडकांवरून, वाऱ्याच्या तोंडीं जातो.

पहांटे रोअरिंग ब्रूक या तळावरून निघावें. वाट प्रथम पामोला शिखरावर नेते. तेथून एका खोल खांचेंत उतरून, हातांनीं खडक धरीत पुन्हा वर यावें लागतें. मग येते 'नाइफ एज', म्हणजे सुरीची धार. सुमारें एक मैल लांबीच्या या कड्याची रुंदी कांहीं ठिकाणीं तीन फुटांच्या आसपास आहे व दोन्ही अंगांस दरी. ती ओलांडली म्हणजे बॅक्स्टर हें सर्वोच्च शिखर लागतें. खिंडीच्या वाटेनें चिमणी पाँड सरोवराशीं उतरून तळ गांठीपर्यंत सुमारें दहा मैल चाल होते. तीस आठ ते बारा तास लागतात.

ढग आले कीं हें सारें गणित फसतें. प्रसिद्ध ग्रंथकार थोरो १८४६ मध्यें येथें आला, आणि ढगांमुळें शिखर न गांठतांच परतला. १९३९ च्या जुलैंत डॉन फेंडलर हा बारा वर्षांचा मुलगा माथ्याजवळ ढगांत सोबत्यांपासून चुकला. रानांत एकट्यानें भटकून नवव्या दिवशीं तो जिवंत हातीं लागला. थोरोचें परतणें हें अपयश नव्हे, हें या दुसऱ्या हकीकतीवरून ध्यानांत येतें.

हा पर्वत सार्वजनिक कसा झाला, तेंही ऐकण्यासारखें आहे. पर्सिव्हल बॅक्स्टर हे १९२१ ते १९२५ मेनचे गव्हर्नर होते. संस्थानानें पर्वत विकत घ्यावा ही त्यांची खटपट सफळ झाली नाहीं. तेव्हां १९३० सालीं त्यांनीं स्वतःच्या पैशानें सुमारें सहा हजार एकर जमीन घेतली व १९३१ मध्यें ती संस्थानास अर्पण केली. १९६२ पर्यंत ते अशीच जमीन घेत व देत राहिले. एकूण दान दोन लक्ष एकरांपर्यंत गेलें. मुख्य अट ही कीं, भूमि निरंतर वन्य स्थितींत राखावी. लोकांची करमणूक त्यानंतर.

म्हणून या उद्यानांत वीज नाहीं, दुकान नाहीं, शिखरापर्यंत सडक नाहीं. पाळीव कुत्रा आणतां येत नाहीं. आणि श्रोत्यांनीं राग मानूं नये, रेडिओच्या आवाजानें दुसऱ्यास उपद्रव देण्यासही तेथें मनाई आहे! पायथ्याशीं गाड्यांना ठराविकच जागा आहे. ती भरली कीं उशिरां आलेल्यास त्या वाटेनें चढतां येत नाहीं.

लोकांच्या मालकीच्या जागेंत लोकांनाच अडवावें, हा कोठला न्याय, असें कोणी विचारील. याचें उत्तर एक लहानसें फुलपांखरूं देतें. कटाडिन आर्क्टिक या नांवाचा हा फुलपांखरांचा प्रकार या पर्वताच्या उघड्या माथ्यावांचून जगांत अन्यत्र कोठेंही सांपडत नाहीं. तेथील खुरट्या वनस्पति व गवत हेंच त्याचें घर, आणि वाट सोडून पडलेल्या पावलांखालीं तें तुडवलें जातें. तुडवणारे पर्वताचे वैरी नसतात, प्रेमीच असतात. पण हजारों प्रेमिकांचे पाय कोणत्याही वैऱ्याइतकेच जड!

सार्वजनिक संपत्तीचे मालक आजचे लोक जितके, तितकेच अद्याप न जन्मलेलेही. त्यांना दारांत उभें राहून भांडतां येत नाहीं. म्हणून त्यांच्या वतीनें कोणी तरी आज दार लावून घ्यावें लागतें. कटाडिनवर जाणाऱ्यानें दगडावरच पाऊल ठेवावें, ढग दिसतांच मागें फिरावें, आणि जागा नसेल तर दुसऱ्या दिवशीं यावें. पर्वत तेथेंच आहे. तो तसाच राहावा एवढ्यासाठींच हा सारा खटाटोप आहे.