खरा डाव आणि रडीचा डाव



या व्यासपीठावरून आजवर इतिहास, अर्थकारण, साहित्य अशा भारदस्त विषयांवर पुष्कळ बोलले गेले आहे. आम्ही मात्र आज टीव्हीला यंत्र जोडून खेळायच्या खेळांविषयी, म्हणजे साध्या भाषेत व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहोत. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो जरा चाचरतच सांगितला. पंचेचाळिशी उलटलेला माणूस अजून व्हिडिओ गेम खेळतो हे कळले की समोरचा आधी हसतो आणि मग मुलांच्या अभ्यासाची चौकशी करतो. पण आम्ही खेळतो ही गोष्ट खरी. जुने खेळ खेळतो आणि नवेही खेळतो. त्यात इतका आनंद कशाचा, याचा हिशेब द्यावा म्हणून आम्ही उभे आहोत.

१९९१ सालच्या दिवाळीत आमच्या घरी असे यंत्र पहिल्यांदा आले. क्योतो शहरातील निन्टेन्डो या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र विक्रीस काढले होते. आमचे यंत्र ही त्याची बिननावाची नक्कल. मौज अशी की ही निन्टेन्डो १८८९ साली सुरू झाली ती पत्ते तयार करण्यासाठी. म्हणजे डाव मांडणे हा तिचा जुनाच धंदा. आम्हांला हे तेव्हा कुठले ठाऊक? आम्हांला ठाऊक होते ते एवढेच की कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, आणि दादाच्या हातातला रिमोट कधीही हिसकावून घ्यायचा नाही. दादा आमच्याहून सहा वर्षांनी मोठा. विटीदांडूत त्याने आम्हांला लिंबूटिंबू म्हणून घेतले होते. व्हिडिओ गेममध्ये मात्र कसलीही सवलत नव्हती.

विटीदांडू असो की लगोरी, एक गोष्ट आपणां सर्वांना लहानपणीच समजते. खेळात हरल्याचे दुःख फार काळ टिकत नाही, पण कोणी रडीचा डाव खेळला तर तो सल वर्षानुवर्षे राहतो. आमच्या मते खेळाच्या आनंदाचे मर्म येथेच आहे. हार न्यायाची असेल तर माणूस हसत पुन्हा डाव मांडतो. पडद्यावरच्या खेळालाही आम्ही हीच कसोटी लावतो.

१९८५ सालचा ‘सुपर मारिओ’ घ्या. खेळ सुरू होताच मारिओ डावीकडे उभा असतो आणि समोर मोकळी वाट असते. चार पावले टाकावीत तोच तपकिरी रंगाचा एक बुटका शत्रू चालत येतो. नवा खेळाडू हमखास त्याच्यावर आदळतो आणि मरतो. पण तो मरतो ते आरंभापासून चार पावलांवर; फारसे काही गमावत नाही. दुसऱ्या खेपेला तो उडी मारतो आणि शिकतो. कुठे सूचना नाही, उपदेश नाही. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहानशा हारेतून सारा धडा शिकवला.

आणि हे केवढ्या जागेत? तो संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत मावतो. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप या दोहोंना एकच आकृती वापरली आहे, फक्त रंग बदलला आहे. आमच्या आईने जुन्या पातळाची गोधडी शिवावी तसा हा प्रकार. त्याआधीच्या, १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळात तर अडचणीचाच अलंकार झाला. तोमोहिरो निशिकादो यांच्या यंत्राला पडद्यावरचे सगळे शत्रू भराभर हलवणे झेपत नव्हते. खेळाडू एकेक शत्रू मारू लागला की यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले अधिक वेगाने धावत. विजय जवळ येईल तसतशी छाती अधिक धडधडू लागे. निशिकादो यांनी ते तसेच राहू दिले.

पण ‘जुने ते सोने’ असे म्हणायला आम्ही येथे आलेलो नाही. त्या काळचे कितीतरी खेळ निर्दय होते, आणि त्याची कारणे फार थोर नव्हती. पार्लरमधल्या यंत्रात नाणे टाकून खेळावे लागे. खेळाडू लवकर मेला तर पुढचे नाणे लवकर पडे. घरच्या कॅसेटमध्ये जागा थोडी; खेळ अवघड केला की तोच पुष्कळ दिवस पुरे. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रॅडियस’ हा खेळ १९८६ साली घरगुती यंत्रासाठी तयार केला, तेव्हा तो तपासून पाहताना त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी बटणांचा एक गुप्त क्रम त्यात घातला: वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. पुढे ‘कॉन्ट्रा’मध्ये याच क्रमाने ३० जीव मिळू लागले. आमच्या आळीतील पोरांना पाढे येत नसत, पण हा क्रम तोंडपाठ होता. जो खेळ कर्त्यालाच झेपत नाही, त्याची थोरवी आम्ही किती गावी?

नव्या खेळांनी येथे मोठी सुधारणा केली आहे. २०१८ साली कॅनडातील थोड्या मंडळींनी ‘सेलेस्ट’ नावाचा खेळ तयार केला. एक मुलगी पर्वत चढते, एवढीच कथा. चित्रे जुन्या धर्तीची, चौकोनी ठिपक्यांची. चढण अतिशय अवघड. पण मेलात की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्याच खोलीत पुन्हा उभे. कड्यावरून पाय सुटल्यावरही एका क्षणाच्या लहानशा अंशापर्यंत उडी मारता येते. हात किंचित उशिरा चालला तर खेळ समजून घेतो. आणि ज्याला तेही जमत नाही त्याच्यासाठी खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करण्याची सोय आहे. आम्ही ती पाहिली आणि म्हणालो, अरे, हा तर आपला लिंबूटिंबू!

आता थोडे घरचे सांगतो. तीन वर्षांपूर्वी दादाला अर्धांगाचा झटका आला. डावा हात पुष्कळसा परत आला, पण बोटे सावकाश चालतात. सुरुवातीला घरी कोणी आले की तो आतल्या खोलीत जाऊन बसे. एके दिवशी आम्ही ‘सेलेस्ट’ लावला, वेग साठ टक्क्यांवर आणला आणि रिमोट त्याच्या हाती दिला. तो चिडला. “मला लिंबूटिंबू करतोस काय रे?” म्हणाला. आम्ही म्हणालो, “दादा, विटीदांडूत तू मला केलं होतंस, तेव्हा मी रडलो होतो का?” “रडला होतास,” तो म्हणाला. मग दोघेही हसलो. त्या संध्याकाळी पहिला टप्पा पार करीपर्यंत तो शंभराच्या वर वेळा मेला. प्रत्येक वेळी चूक त्याची होती आणि प्रत्येक वेळी ती त्याला दिसत होती. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तो टाळत असे. येथे त्याने स्वतःहून “अजून एकदा” म्हटले. खेळाने दादा बरा झाला असे आम्ही म्हणत नाही. हरण्याची त्याला वाटणारी लाज कमी झाली, एवढेच आम्ही पाहिले.

मग ‘कॉन्ट्रा’ काढला. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढावा लागतो. दोघे खेळत असता एक जण भराभर वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला भिडू मरतो. लहानपणी दादा नेहमी पुढे जाई आणि आम्ही खाली मरत असू. आता आम्ही पायरीवर थांबतो. दादा येतो, मग पुढची उडी.

हा जुना खेळ आम्हांला मिळाला तो कोनामीने २०१९ साली नव्या यंत्रांसाठी पुन्हा विकायला काढला म्हणून. सर्वांचे भाग्य असे नसते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळत नाहीत असे दिसले. त्याच वर्षी २७ मार्च रोजी निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली. केवळ तेथेच मिळणारे खेळ त्या दिवसापासून विकत मिळेनासे झाले. आणि खेळ उरला तरी खेळण्याचे साधन उरतेच असे नाही. ‘डक हंट’मधली बंदूक गोळी झाडत नाही, ती पाहते! चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. जुन्या, पोटाच्या टीव्हीवर हे साधते. आजच्या सपाट पडद्यावर ती बंदूक आंधळी होते. तेव्हा माळ्यावर असे यंत्र किंवा असा टीव्ही पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा विचार करा.

एक इशाराही दिला पाहिजे. रडीचा डाव संपलेला नाही. त्याने नवा वेष घेतला आहे. पैसे भरून बंद पेटी उघडा, नशिबात असेल ते हत्यार मिळेल, असा बाजार काही नव्या खेळांत भरतो. बेल्जियममधील अधिकाऱ्यांनी २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरवले. ज्या खेळात कौशल्याऐवजी खिसा जिंकतो, तो मुलांच्या हाती देताना आईबापांनी डोळे उघडे ठेवावेत. मुलाला “किती वेळ खेळलास?” असे आपण विचारतोच, “कसा हरलास?” हेही विचारावे. “माझी उडी चुकली” असे तो म्हणाला तर फारशी चिंता नाही. “पैसे कमी पडले” म्हणाला तर तो खेळ बंद करावा.

आपल्याकडेही आता असे डाव मांडले जाऊ लागले आहेत. पुण्यातील मंडळींनी २०२० साली ‘राजी’ हा खेळ जगापुढे आणला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेल्या एका मुलीची ती गोष्ट आहे. दादाने ती गोष्ट ऐकली आणि म्हणाला, “भावाला शोधायला निघालीय ना? मग हा लाव.” सध्या आम्ही तोच खेळतो आहोत. वेग कमी करून नव्हे, रिमोट आळीपाळीने घेऊन. काल रात्री दादा आमच्यापेक्षा एक टप्पा पुढे गेला, आणि डाव रडीचा नव्हता.