चौदाव्या दिवसाचे दुःख
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



देवळाला नवा कळस चढला, सभामंडपाला फरशी लागली. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. या सभामंडपात येऊन बसणाऱ्यांच्या मनावर जे ओझे असते, त्याविषयी हे चार शब्द.

घरात मृत्यू झाला तर काय करावे, हे फुलंब्री भागात कोणाला शिकवावे लागत नाही. त्या घरची चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठले-भाकरी नेऊन कडू घास भरवतात. पाहुणे भेटायला येतात, बाया गळ्यात पडून रडतात. दहावा, तेरावा होतो. दुःखी माणसाला एकटे सोडू नये, हे जुन्या लोकांना कळत होते. सरकारदरबारीसुद्धा गाव नमुना ६-क मध्ये वारसाची नोंद होते, मग फेरफार होतो. मयताचे सगळे रीतसर होते.

परंतु मुलगी कायमची माहेरी परतली, भावाभावांचे बोलणे बंद झाले, ठरलेली सोयरीक मोडली, तर कडू घास घेऊन कोण जातो? उलट त्या दारावरून जाताना लोक कुजबुजतात. या दुःखाला ना दहावा, ना तेरावा.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहावे. संत बहिणाबाई (खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी त्या वेगळ्या) १६२८ साली वेरूळजवळच्या देवगाव रंगारी येथे जन्मल्या. बालपणीच लग्न झाले, नवरा तीस वर्षांचा. भाऊबंदकीपायी कुटुंबाला गाव सोडावे लागले आणि फिरत फिरत सगळे कोल्हापुरास पोचले. तेथे बहिणाबाईंना एका वासराचा लळा लागला. कीर्तनालाही ते बरोबर असे. जयरामस्वामींच्या कीर्तनावरून गावात चर्चा झाली, नवऱ्याचा राग अनावर झाला आणि त्याने या पोरीला मारले. पुढे ते वासरू मेले. बहिणाबाई शुद्ध हरपून पडल्या. एका वासरासाठी एवढे? असे कोणी म्हणेल. पण गाव सुटले, मार बसला, ते सगळे साचलेले त्या वासराच्या निमित्ताने बाहेर आले असावे.

तुकोबांच्या ध्यासाने त्या सावरल्या. नवरा आजारी पडला तेव्हा त्यांनी सेवा केली, त्याचे मन पालटले व सारे देहूला गेले. ही गोष्ट पुष्कळदा इथेच संपवतात, ते काही बरोबर नाही. नवरा निवळला म्हणून मार योग्य ठरत नाही. आज २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, महिलांसाठी १८१ हा फोन आहे. बहिणाबाईंनी घडलेले झाकले नाही, आपल्या अभंगांतून सांगून टाकले, हे विशेष. १७०० साली त्या गेल्या, शिऊरला त्यांची समाधी आहे, आणि त्यांचे दुःख आज आपल्याला त्यांच्याच शब्दांत कळते.

सांगणाऱ्याला ऐकणारा हवा. ऐकणाऱ्याने लगेच ‘देवाची मर्जी’, ‘विसरून जा’, ‘अमक्याचे तर याहून वाईट झाले’ असे म्हणू नये. नुसते जवळ बसावे. पंधरा-पंधरा दिवस झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कामात मन नाही, अशी स्थिती राहिली तर दवाखाना गाठावा. अंगाऱ्याने झोप येतेच असे नाही. जीव नकोसा झाला, असे कोणी बोलून गेले तर ते हसण्यावारी नेऊ नये, त्या माणसाला एकटे ठेवू नये. नापिकी आणि कर्जापायी मराठवाड्याने किती कर्ती माणसे गमावली! तेराव्याला त्यांच्या घरी अंगण भरले होते. चौदाव्या दिवशी ओसरीवर बाई आणि लेकरेच उरली. जाण्याचा दिवस तो होता.

ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या नंबरावर रात्री-अपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. देणगीदारांच्या नावांच्या पाटीशेजारी हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा, अशी मंडळाला विनंती आहे. कळसाचा रंग थोडा शिल्लक आहेच.