गाळातली वीज
(नवी मुंबईतील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



टेबलावरची बादली पाहून पुढच्या रांगेतल्या मंडळींनी मघाशीच नाकाला रुमाल लावले. हा वास आपल्या ओळखीचा आहे. ओहोटीच्या वेळी पाम बीच रस्त्यावर गाडीची काच खाली केली की येतो, तोच. बादलीत खाडीला मिळणाऱ्या नाल्यातला काळा गाळ आहे, वर चार बोटं पाणी. जुन्या सेलमधली एक कार्बनची कांडी गाळात खोल रुतवली आहे, दुसरी वरच्या पाण्यात. दोन्हींच्या तारा मल्टिमीटरला जोडल्यात. तीन आठवड्यांपूर्वी काटा जेमतेम हलत होता. आज बघा, अर्धा व्होल्ट!

ही करणी जीवाणूंची. खाणं म्हणजे अखेर अन्नातले इलेक्ट्रॉन काढून घेणं, आणि काढलेले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी पदरात टाकावेच लागतात. आपण ते श्वासातल्या ऑक्सिजनला देतो. गाळात ऑक्सिजन पोचत नाही. मग काही जीवाणू ते सल्फेटला देतात. सडक्या अंड्यांचा वास येतो तो त्यातूनच. काही जण ते थेट लोखंडाच्या गंजाला देतात. असा एक जीवाणू 1987 साली अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लव्हली यांना सापडला. त्याचं नाव जिओबॅक्टर. ज्याला गंज चालतो, त्याला कार्बनची कांडीही चालते. कांडीतून इलेक्ट्रॉन तारेत येतात आणि वरच्या पाण्यातल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतात. जीवाणूंपासून वीज मिळते हे इंग्लंडमध्ये एम. सी. पॉटर यांनी 1911 सालीच दाखवलं होतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. यावर घरातले दिवे लागतील का? नाही. एका एलईडीलाही दोनेक व्होल्ट लागतात. बादल्या ओळीने जोडाव्यात, तर एखादीतलं अन्न संपताच तिची दिशा उलटते आणि ती इतरांचीच वीज गिळते.

मग हा खटाटोप कशासाठी? उत्तर आपल्या मलप्रक्रिया केंद्रांत आहे. तिथेही सांडपाणी जीवाणूच स्वच्छ करतात. त्यांना ऑक्सिजन मिळावा म्हणून टाक्यांमध्ये सतत हवा फुंकावी लागते, आणि हवा फुंकायला वीज जाळावी लागते. गंमत अशी, की ज्या घाणीला एक किलो ऑक्सिजन लागतो, तिच्यातच जवळपास चार युनिट ऊर्जा दडलेली असते. म्हणजे ऊर्जा नष्ट करण्यासाठी आपण वर पैसे मोजतो! जीवाणूला हवेऐवजी कांडी दिली, तर वीज थोडीच मिळेल, पण हवेचा खर्च वाचेल आणि गाळही कमी उरेल.

अडचण किमतीची आहे. अशा यंत्रात जीवाणूंचा एक आणि ऑक्सिजनचा एक असे दोन कप्पे करतात, आणि त्यांच्यामधला पडदा महाग असतो. आयआयटी खरगपूरमध्ये प्रा. मकरंद घांग्रेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जागी चक्क मातीचं मडकं वापरून पाहिलं. मैल्यावर स्वतःचे दिवे लावणारं शौचालयही त्यांनी उभारलं.

व्याख्यानानंतर बादलीजवळ जरूर या. फक्त गाळ ढवळू नका. ढवळलात की हवा आत शिरेल, जीवाणूंना कांडीची गरज उरणार नाही आणि काटा खाली येईल. प्रक्रिया केंद्रातले पंखे रात्रंदिवस नेमकं हेच करत असतात.